कापलेले दोनशे, वाढलेले पंधरा

(नोव्हेंबर २०२५ मध्ये सामुदायिक रेडिओवर दिलेले भाषण)

 

आज मला कराबद्दल आणि मजुरीबद्दल बोलायचं आहे. विषय ऐकूनच काहीजणी आवाज बारीक करतील, हे मला माहीत आहे. पण दहा मिनिटं थांबा.

मागच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत मी विचारलं, "आपल्यापैकी कर कोण कोण भरतं?" एकही हात वर झाला नाही. एक मावशी म्हणाल्या, "कर भरायला आपण काय शेठ-सावकार आहोत? घरपट्टी, पाणीपट्टी तेवढी भरतो. तीसुद्धा मार्चमध्ये ग्रामपंचायतीचा माणूस दारात उभा राहिला तर." सगळ्याजणी हसल्या. मावशींच्या पिशवीत नुकताच आणलेला बाजार होता. मी म्हटलं, काढा बरं एकेक वस्तू. अंगाचा साबण निघाला, टूथपेस्ट निघाली, नातवाला बिस्किटाचे पुडे निघाले, डोक्याला लावायची तेलाची बाटली निघाली. या चारही वस्तूंवर २१ सप्टेंबरपर्यंत शंभराला अठरा रुपये जीएसटी होता. म्हणजे मावशी दर बाजाराला कर भरत होत्या. पावती मात्र त्यांच्या नावाची नव्हती.

२२ सप्टेंबरपासून हा कर अठराचा पाच झाला. अंगाचा साबण, टूथपेस्ट, ब्रश, केसांचं तेल, शाम्पू, बिस्किटं या सगळ्यांवर आता शंभराला पाच. भांडीकुंडी आणि शिलाई मशीन यांच्यावर बारा होता, तोही पाचवर आला. पोरांच्या वह्या-पेन्सिलींवरचा तर पूर्ण गेला. ज्या वस्तूची किंमत सगळा कर धरून ५९ रुपये होती, ती आता ५२ रुपये ५० पैशांना यायला हवी. हिशेब सोपा आहे: ५९ मध्ये मालाचे ५० आणि कराचे ९ होते. आता कराचे अडीचच. शिलाई मशीनचं बघा. कर सोडून आठ हजाराचं मशीन आधी ८,९६० ला पडायचं, आता ८,४०० ला पडावं. ५६० रुपये वाचले. ज्या गटांनी दिवाळीनंतर मशीन घ्यायचं ठरवलं आहे, त्यांनी दुकानदाराला पक्कं बिल मागावं आणि त्यावर कर किती लावला ते बोट ठेवून बघावं. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्याची किंमत तीच राहील, तिथं किमतीवर जाऊ नका. पुड्यावरचं वजन वाढलं का ते बघा.

आता दुसरा कर. फेब्रुवारीत दिल्लीच्या अर्थसंकल्पात आयकराची मोठी बातमी झाली. बारा लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर आयकर नाही. पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत नाही. टीव्हीवर दोन दिवस तेच चाललं होतं. वर्षाला बारा लाख मिळवणाऱ्याचे ८० हजार रुपये वाचले, ही गोष्ट खरी आहे. ज्यांची पोरं पुण्याला कंपनीत आहेत, त्यांच्या घरात आनंद झाला, तोही खरा. पण आपल्या प्रभागात मी ज्या गटांना भेटते, त्या गटांत वर्षाला तीन लाखसुद्धा कुणाच्या हाताला लागत नाहीत. जो कर आपण भरतच नव्हतो, तो माफ होऊन आपल्याला काय मिळणार? साबणावरचा कर कमी झाला तर आपल्या हाताला चार पैसे लागतात. म्हणून "सरकारनं कर कमी केला" असं कुणी सांगितलं, की पहिला प्रश्न विचारायचा: कोणता? आणि तो भरत कोण होतं?

तिसरा कर असा आहे की तो आपल्यातल्या काहीजणी खरोखर भरत होत्या. आणि भरायला नको होता. हे मला जरा सविस्तर सांगू द्या.

आमच्या एका गटातली बाई तालुक्याच्या गावी खासगी दवाखान्यात साफसफाईच्या कामाला जाते. तिचं नाव सांगत नाही, दवाखान्याचंही नाही, कारण ती अजून तिथंच कामाला आहे. सकाळी सहाच्या गाडीनं जाते, संध्याकाळी सातला येते. नेमणूक दवाखान्याची नाही, कंत्राटदाराची. पगार बँकेत जमा होतो, त्यामुळं कागद कधी बघायची वेळच आली नव्हती. ऑगस्टमध्ये मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला काढायचा होता, म्हणून तिनं कंत्राटदाराकडून पगारपत्रक मागून घेतलं आणि वाचायला माझ्याकडं आणलं. सगळं इंग्रजीत.

पगार १४,००० रुपये. त्यातून तीन कपाती होत्या. पहिली १,६८०. दुसरी १०५. तिसरी २००. हातात पडत होते १२,०१५. तिसऱ्या कपातीपुढं इंग्रजीत 'पीटी' एवढंच लिहिलेलं होतं. ती मला म्हणाली, "ताई, पीटी म्हणजे शाळेतल्या कवायतीचे असतेत का? मी तर दिवसभर तिथं कवायतच करती." आम्ही दोघी हसलो, पण हसण्यासारखं नव्हतं ते. पीटी म्हणजे व्यवसाय कर. नोकरीधंदा करणाऱ्यांवर राज्य सरकार लावतं तो. महिन्याला दोनशे, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार.

महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून महिन्याला २५ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्या बाईला हा कर नाही. आधी ही मर्यादा दहा हजार होती. मार्च २०२३ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात ती पंचवीस हजार केली. त्यासाठी बाईनं कुठं अर्ज करायचा नाही, दाखला द्यायचा नाही, कोणतं कार्ड काढायचं नाही. पगार देणाऱ्यानं कापायचाच नाही, एवढंच. आमची बाई कामाला लागली जून २०२४ मध्ये, म्हणजे सवलत लागू होऊन वर्ष उलटल्यावर. तरी पहिल्या महिन्यापासून कापत होते. ऑगस्ट २०२५ पर्यंत ३,१०० रुपये गेले होते.

तिला मी हिशेब सांगितला तेव्हा ती लगेच म्हणाली, "जाऊ द्या ताई. विचारायला गेलं आणि उद्यापासून येऊ नको म्हणाले तर?" मैत्रिणींनो, हा प्रश्न कुठल्याच जीआरमध्ये नसतो. एकतीसशे रुपये एका बाजूला आणि महिन्याचे बारा हजार दुसऱ्या बाजूला. मी तिला "घाबरू नकोस" म्हणाले नाही. नोकरी माझी नव्हती जाणार. मी एवढंच विचारलं, की तिथं तुझ्यासारख्या किती जणी? ती म्हणाली, बारा. मग आम्ही ठरवलं की एकटीनं जायचं नाही, आणि भांडायचंही नाही. तिनं आधी दोघींना पगारपत्रक मागायला लावलं. त्यांचंही कापलेलं. मग तिघींनी एक साधा अर्ज लिहिला: आम्हा स्त्री कामगारांचा पगार पंचवीस हजारांच्या आत आहे, आमचा व्यवसाय कर कपात होऊ नये आणि आजवर झालेली कपात परत मिळावी. दोन प्रती. एक द्यायची, दुसरीवर सही-शिक्का घ्यायचा.

कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, कॉम्प्युटर आपोआप कापतो. त्यावर त्या तिघींतली सगळ्यात गरीब गाय वाटणारी जी आहे ना, ती म्हणाली, "मग कॉम्प्युटरला सांगा आम्ही बायका आहोत." शिक्का मिळाला. सप्टेंबरच्या पगारापासून बाराही जणींचे दोनशे कापणं बंद झालं. मागचे पैसे? दिवाळीला एकेक हजार दिले आणि बाकीचे "बघू" म्हणाले. आजच्या घडीला माझ्या बाईचे २,१०० येणं आहे. कापलेला कर सरकारात भरला की स्वतःकडं ठेवला, हे त्यानं चलन दाखवून सांगावं, असा दुसरा अर्ज गेल्या आठवड्यात दिला आहे. नोकरी तिघींचीही शाबूत आहे. पण एकीची ड्युटी बदलून रात्रीची केली. ते अर्जामुळं का, हे कुणी सांगत नाही, आणि सांगणारही नाही.

आता त्या पगारपत्रकावरच्या पहिल्या दोन कपाती. १,६८० आणि १०५. दोनशे रुपयांचं कळल्यावर बाकीच्या बायका म्हणायला लागल्या, मग तेही बंद करायला लावू. नाही हो, थांबा. ते कर नाहीत. १,६८० हा तुमचा प्रॉव्हिडंट फंड, पगाराचे शंभराला बारा. तेवढेच मालकानंही त्याच्या खिशातून घालायचे असतात. त्याच्या वाट्यातला मोठा भाग तुमच्या पेन्शनसाठी जातो, उरलेला तुमच्या फंडात. तुमचं वय झाल्यावर किंवा अडीअडचणीला तो पैसा तुमचा आहे. १०५ हे ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे. शंभराला पाऊण रुपया तुमचा आणि सव्वातीन रुपये मालकाचे. त्यातून दवाखाना होतो, आजारपणात रजेचे पैसे मिळतात, बाळंतपणाची रजा पगारी होते. महिन्याचा पगार एकवीस हजारांपर्यंत असेल तर हा विमा लागू होतो. आपल्याकडं कित्येक मालक स्वतःच सुचवतात, "पीएफ नको घेऊ, हातात जास्त पडतील." बाईला वाटतं मालक चांगला आहे. खरं तर त्याला त्याचे बारा टक्के वाचवायचे असतात. म्हणून पगारपत्रक हातात आलं की सगळ्या कपातींना एकाच काठीनं झोडपू नका. जे कापलं ते पुढं कुठं गेलं, हे बघायचं. पीएफ भरला का, ते मोबाईलवर बघता येतं. ज्यांना येत नाही त्यांना गटाची सीआरपी दाखवेल. तिलाही येत नसेल तर मी आहे.

एक गोष्ट मला या व्यवसाय कराबद्दल खटकते, ती सांगून टाकते. बाईला पंचवीस हजारांपर्यंत माफी मिळाली, चांगलं झालं. पण तिचा नवरा त्याच दवाखान्यात चौदा हजारावर वॉचमन असेल, तर त्याचे दोनशे जातातच. पुरुषाला साडेसात हजारांच्या वर हा कर लागतो, आणि दहा हजारांच्या वर पूर्ण दोनशे. आणि महिन्याला दीड लाख घेणाऱ्या साहेबाचे किती जातात? तेही दोनशेच. वर्षाला अडीच हजारांच्या वर हा कर घेता येत नाही, असं राज्यघटनेतच आहे, कलम २७६. म्हणजे चौदा हजारवाल्याला अडीच हजार आणि दीड लाखवाल्यालाही अडीच हजार. बाईच्या पगाराचेच पैसे घरात येतात आणि वॉचमनचे दुसऱ्या घरात जातात, असं तर नाही ना. चूल एकच आहे. माझ्या मते ती पंचवीस हजारांची मर्यादा सगळ्यांनाच लावायला हवी.

पण हा कर निघाला कशासाठी, हे माहीत असलं की त्याच्यावर नुसतं रागावता येत नाही. १९७२ चा दुष्काळ तुमच्यातल्या आज्यांनी बघितला आहे. खडी फोडायला, नाले खोदायला, रस्त्यावर मुरूम टाकायला बायका गेल्या, कडेवरची पोरं झाडाला झोळी बांधून ठेवली. मिलोची भाकरी खाल्लेल्या आज्या माझ्याही घरात होत्या. त्या काळात वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्रानं पुढं कायद्यात आणली. मागेल त्याला काम द्यायचं, तर पैसा कुठून आणायचा? म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. ज्याला पगार आहे त्यानं थोडा द्यायचा आणि ज्याला काम नाही त्याच्या मजुरीची सोय करायची. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, लागू झाला २६ जानेवारी १९७९ पासून. पुढं देशभर जी मनरेगा आली, तिच्या कितीतरी आधी. म्हणजे शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापलेले पैसे आपल्या आज्यांच्या हातावर मजुरी म्हणून पडत होते. माझी आजी कामावर टोपली उचलायची, तेव्हा तिला हे ठाऊक नव्हतं. मलाही बीएला असताना पुस्तकात वाचूनच कळलं.

आता त्या मजुरीकडं येते. रोजगार हमीचा दर आपल्या राज्यात १ एप्रिलपासून ३१२ रुपये झाला. गेल्या वर्षी २९७ होता. वाढ पंधरा रुपयांची, शंभरामागं पाच. त्याआधीच्या वर्षी २७३ होता, २०२०-२१ मध्ये २३८. दरवर्षी वाढतो खरा, पण तो वाढतो महागाईच्या आकड्याच्या मागं मागं. म्हणजे तेल-डाळ जेवढी महागली तेवढा दर सरकतो. त्याला वाढ म्हणायचं की भरपाई म्हणायचं, ते तुम्ही ठरवा. त्याच कामाला गोव्यात ३७८ आहेत, हरियाणात ४००. आणि ३१२ सुद्धा सरसकट हातात पडत नाहीत, कारण बरीच कामं मापावर असतात. खोदलेली माती मोजली जाते आणि मापाप्रमाणं पैसे निघतात. गडी असो की बाई, माप एक आणि दर एक, ही यातली चांगली गोष्ट. पण माप घेताना तुमच्यातली एक तरी बाई तिथं उभी पाहिजे. आठवड्याची मजुरी १,८७२ व्हायला हवी होती आणि खात्यात ११०० आले, तर आधी हजेरी विचारायची, मग माप.

मजुरी पंधरा दिवसांच्या आत खात्यात आली पाहिजे. उशीर झाला तर भरपाईची तरतूद आहे, रोजची ०.०५ टक्के. मी १,८७२ वर हिशेब करून बघितला. दिवसाला चौऱ्याण्णव पैसे. दुकानदाराची उधारी याच्या कितीतरी वेगानं वाढते. पण तेवढ्यासाठी गप्प बसू नका, कारण भरपाई मागितली की उशीर कागदावर येतो. आणि कामाची मागणी तोंडी करू नका. रोजगार सेवकाला नुसतं "काम काढा दादा" म्हटलं, की तो मान हलवतो आणि मोटारसायकलला किक मारतो. नमुना ४ भरा, तारखेची पोच घ्या. पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर बेरोजगार भत्त्याचा हक्क त्या पोचेवरच उभा राहतो.

कारखान्यात, दुकानात, दवाखान्यात कामाला जाणाऱ्यांसाठी किमान वेतन वेगळं असतं. त्यातला विशेष भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, महागाई बघून बदलतो. तेव्हा पगार दोन-तीन वर्षं एका आकड्यावर थांबलेला असेल, तर चौकशी करायला कारण आहे.

आणि आता शेवटचा विषय, जो आमच्या गावात सध्या सगळ्यात तापलेला आहे. कापसाची वेचणी.

यंदा सप्टेंबरच्या पावसानं मराठवाड्यात काय केलं, ते मी तुम्हाला सांगायला नको. आमच्या शिवारात खालची बोंडं सडली. जी फुटली त्यांचा कापूस भिजून लोळ झाला. वेचणीचा दर आमच्याकडं गेल्या वर्षी किलोला दहा रुपये होता. भरल्या रानात चांगली वेचणारी बाई दिवसाला चाळीस-पंचेचाळीस किलो वेचते, म्हणजे चारशे-साडेचारशे पडतात. यंदा पहिल्या वेचणीला तीच बाई दिवसभर वाकून पंचवीस किलोवर जाईना. अडीचशे रुपये. म्हणून बायका म्हणाल्या, किलोला पंधरा पाहिजेत.

चुकीचं काय म्हणाल्या? काहीच नाही. पण आमच्या त्याच गटात तीन एकरवाली एक वहिनी आहे. तिनं वही उघडली. व्यापारी ओल्या कापसाला साडेसहा हजार क्विंटल म्हणत होता. किलोला पंधरा म्हणजे क्विंटलला दीड हजार नुसती वेचणी. बियाणं, खत, फवारणी, गाडीभाडं वेगळं. ती म्हणाली, "मी पण तुमच्यासारखीच बाई आहे. मी काय कापड गिरणीची मालकीण नाही." बैठकीत आवाज चढले. एक जण तर बचत परत द्या म्हणून उठून उभी राहिली.

हमीभाव लांब धाग्याच्या कापसाला ८,११० आहे, मध्यम धाग्याला ७,७१०. पण सीसीआयच्या केंद्रावर ओलावा बारा टक्क्यांच्या वर असेल तर घेत नाहीत, आणि आधी मोबाईलच्या ॲपवर नोंदणी लागते. ज्याला पैशाची घाई तो व्यापाऱ्याकडंच जातो. त्यात यंदा आणखी एक झालं, आणि ते पुन्हा कराचंच आहे. परदेशातून येणाऱ्या कापसावर आपल्या सरकारचा ११ टक्के कर होता. तो १९ ऑगस्टपासून माफ केला, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. कारणही साधं नाही. अमेरिकेनं आपल्या मालावर पन्नास टक्के कर लावला, त्यामुळं कपड्यांचे कारखाने अडचणीत आले. त्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून ही माफी. त्या कारखान्यांत शिवणाऱ्याही बायकाच आहेत, तिरुपूरच्या असोत की कुठल्या. त्यांची नोकरी टिकावी असं मलाही वाटतं. पण माफीची मुदत नेमकी आपला कापूस बाजारात यायच्या दिवसांवर आली. बाहेरचा कापूस स्वस्त झाला की इथला व्यापारी भाव चढवत नाही. त्या अकरा टक्क्यांतला काही भाग वहिनीच्या भावातून गेला आणि वहिनीच्या भावातून गेला तो वेचणारीच्या मजुरीत दिसला. मी बैठकीत हे फळ्यावर काढून दाखवलं. त्यानं कुणाचं पोट भरलं नाही, पण वहिनी आणि वेचणाऱ्या बायका एकमेकींकडं बघून ओरडत होत्या, ते जरा थांबलं.

मग दोन तास बसून असं ठरलं. पहिल्या वेचणीला किलोचा हिशेब नाहीच. सकाळी दहा ते पाच, रोजानं ३५० रुपये. ओला, कवडीचा कापूस वेगळा वेचायचा, म्हणजे चांगला वाळवून केंद्रावर नेता येतो. त्याला वेळ लागतो, आणि किलोवर वेचणारी बाई तो वेळ देत नाही, का द्यावा तिनं? मजुरी बाजाराच्या दिवशी, कापूस विकला असो वा नसो. वहिनीकडं रोकड नव्हती, तर गटातून तिला सात हजारांचं अंतर्गत कर्ज दिलं, नेहमीच्याच व्याजानं, कापूस विकल्यावर फेडायचं. वीस जणींच्या रोजाचे तेवढेच होतात. दुसऱ्या वेचणीला रान कसं फुटतं ते बघून पुन्हा बसायचं.

हे सगळ्यांनी मानलं का? नाही. गटाबाहेरच्या दोन-तीन शेतकऱ्यांनी शेजारच्या तालुक्यातून टेम्पोनं बायका आणल्या, किलोला अकरावर. त्या बायकांना मी काय म्हणणार? त्यांचंही सोयाबीन पाण्यात गेलं होतं. आणि आमच्या गावात फवारणीच्या गड्याला आजही पाचशे मिळतात, हेही सांगून ठेवते. वाकून वेचणाऱ्या बाईला साडेतीनशे आणि त्याला पाचशे. समान वेतनाचा कायदा १९७६ मध्ये झाला, माझ्यापेक्षा वयानं मोठा. पण तो त्याच कामाला तेच वेतन म्हणत होता, आणि गावानं कामंच अशी वाटली आहेत की वेचणी बायकांचीच आणि पंप गड्याच्याच पाठीवर. आमच्या दोघी-तिघी आता म्हणतात, पंप आम्हालाही द्या. मला त्यातली विषारी औषधं बघता ते फारसं पटत नाही. पण पैशाची गोष्ट त्यांची बरोबर आहे.

वहिनीचा वाळवलेला कापूस अजून घरातच आहे. केंद्रावर नंबर लागायची ती वाट बघते आहे. दुसरी वेचणी पुढच्या आठवड्यात सुरू होईल, त्यासाठी रविवारी दुपारी दोनला ग्रामसंघाच्या खोलीत बसायचं आहे. रान असलेल्या आणि रान नसलेल्या, दोघीही या. ज्या कुणी बाहेर पगारावर कामाला जातात, त्यांनी येताना पगारपत्रक आणा. मिळत नसेल तर तोही एक अर्ज आपण तिथंच लिहू. आणि गेल्या दोन वर्षांत ज्या भगिनींचे व्यवसाय कराचे पैसे कापले गेले, त्यांनी बँकेचं पासबुकही सोबत ठेवा, महिने मोजायला लागतील.